कपाटामागची रेंज

कूबर पीडी, मंगळवार

प्रिय नेव्हेन,

फोनच केला असता, पण आता घरात कुठेही गेले तरी रेंज माझ्या मागे येते आणि रेंजच्या मागे तुझे बाबा. म्हणून हा कागद.

ईस्टरला तू ते तीन वायफाय एक्स्टेंडर बसवून गेलास, ते झकास चालतात. डोंगर कोरून केलेलं आपलं घर. पूर्वी स्वयंपाकघरातून आत वळलं की फोन मुका व्हायचा. आता बोलत बोलत कुठेही फिरा, कॉल तुटत नाही. पण परवा सामानाच्या खोलीत पिठाचा डबा काढायला गेले, तर तिथेही पूर्ण रेंज! तूच म्हणाला होतास, "आई, त्या खोलीचं विसर, हा दगड काही आरपार जाऊ देत नाही." आणि कपाटाजवळ जावं तशी रेंज वाढत होती.

बाबांना विचारलं, तर म्हणे, "ल्युबा, तू कुठे बडबडायला जाणार ते यंत्राला बरोबर कळतं." हा माणूस माझी थट्टा करतो तेव्हा काहीतरी लपवत असतो. रोज "क्लबात जातो" म्हणून निघतात, पण संध्याकाळी भुवयांवर गुलाबी धूळ. शेजारच्या स्ताव्रोसला विचारलं, तर तो हसला. "क्लबात? महिनाभर तोंड दाखवलं नाही त्याने. ओपल लागलाय वहिनी, खरं सांगा, कुठल्या भिंतीत?" मलाही तेच वाटलं. घर वाढवायच्या नावाखाली ओपलचे मौल्यवान खडे शोधणारे इथे थोडे नाहीत. पण हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला डॉक्टरांनी ड्रिलला हातसुद्धा लावू नको म्हणून बजावलंय.

संशय तुझाही आलाच. दर फोनला तू विचारायचास, "मागपर्यंत येते ना गं रेंज?" मागे राहतं कोण आपल्याकडे?

रविवारी बाबा पाणी आणायला गेले आणि मी कपाट ढकललं. सहज सरकलं, खाली चाकं लावलीत. मागे ओपल नाही, खोली आहे. भिंती गुळगुळीत, तुझ्या उंचीला फळी, टेबल, आणि लुकलुकणारा चौथा एक्स्टेंडर. तो तूच पाठवला असणार, त्यांना टीव्हीचा रिमोट जमत नाही. पलंग मात्र एकाच माणसाचा. त्यावर बसले बराच वेळ. ईस्टरनंतर तू बायकोचं, कायलीचं नाव घेतलं नाहीस, मला वाटलं, कामात असेल पोरगी. एकटाच परत येतोय हे बाबांना सांगितलंस, मला नाही. असू दे. मी विचारत नाही.

माणसं लावून खोदतोय, असं त्यांनी तुला सांगितलं असेल. नेव्हेन, माणसं कुणी नाहीत. गावभर होईल म्हणून एकटेच खणतात. आता राहिलंय हवेचं भोक, ते वरून पाडायचं. काल टेकडीवर खुणेचा दगड आणि ड्रिल ओढायचा दोर पाहिला. मी नको म्हटलं तर त्याच दिवशी वर चढतील. तेव्हा तू ये, याच आठवड्यात ये. वायफाय बघायला आलोय म्हण. खोटं ठरणार नाही, चौथा एक्स्टेंडर मी काढून पिठात लपवलाय. सकाळपासून बाबा सामानाच्या खोलीत खाटखुट करताहेत, आणि त्यांना मला काही विचारायची सोय नाही.

कोबीचा सारमा करून ठेवते.

काहीच माहीत नसलेली,
तुझीच आई