न भरलेल्या सभेची वही

पासली, मार्च १९७३

तीर्थरूप सोनबादादांना रतनचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? इकडे सगळे खुशाल, असे लिहायचा रिवाज आहे, तो या खेपेला मोडते.

परदेशातून मदत म्हणून जमिनीला भोक पाडणारे यंत्र तालुक्यात आले आहे. गुरुवारी त्यांचे साहेब पासलीत येणार. हापसा कुठे बसवायचा हे गावाने सभा घेऊन ठरवावे, बायकांनीही बोलावे, अशी त्यांची अट. (आपल्याकडे सभा होत नाही, तिची वही तेवढी लिहितात.) शनिवारी कोतवाल गेनू ती वही घेऊन दारात. मी पंच ना, बाईमाणसाची जागा भरायची म्हणून. "वयनी, हितं अंगठा द्या." म्हटले, मला वाचता येते (तुमच्या दुकानातल्या पुड्यांच्या कागदांवरच शिकले). "वाचताय कशाला? मला अजून चार घरं हायेत." हात पिठाचा आहे, ठेवून जा, म्हटले.

वाचले तर येत्या गुरुवारची सभा वहीत होऊनही गेलेली. हापसा सरपंच रामभाऊंच्या अंगणात, सर्वानुमते. मी म्हणे उठून अनुमोदन दिले. खालच्या वस्तीतली सरूबाई झऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरते. रामभाऊंच्या आई तिला अंगणात पाय ठेवू देतील का, ते वहीत नाही. (चावडीमागे सरकारी जागा पडून आहे, तिथे कुणाची आई नाही.) हजर माणसांची नावे जुन्या यादीवरून उतरवलेली. सातवे नाव आमच्या मालकांचे. त्यांना जाऊन तीन वर्षे होतील, दादा. ते मी दोनदा वाचले, तोवर भाकरी करपली.

गेनू परत आला तेव्हा वही नव्हती. मग रामभाऊ स्वतः आले. "वयनी, वही घावली न्हाई अन् यंत्र दुसऱ्या गावाला गेलं, तर समद्या बाया हंडे घिऊन तुमच्याच दारात बसतील." म्हटले, वही कुठे ते मला ठाऊक नाही, पण आपल्या सभेला मेलेलेही येतात, मग साहेबही येतील. ते हसले नाहीत. मलाही हसू आले नाही. यंत्र खरेच गेले, तर सरूबाईचा झरा मेपर्यंत टिकायचा नाही, आणि ते माझ्यामुळे होईल.

आपली
रतन

ता. क. तिकडे बाजाराला येणाऱ्या फुलाबाईंच्या हाती पाठवलेल्या नाचणीच्या पिठाच्या डब्यात वही आहे. पीठ झटकून घ्या.

आणखी एक. गुरुवारी पहिल्या एस.टी.ने वही घेऊन तुम्हीच या, गुडघा दुखत असला तरी. साहेबांपुढे ती मोठ्याने वाचायची आहे. मी वाचीन, रामभाऊंना भीत नाही. फक्त सातवे नाव तुम्ही वाचा. लग्नातल्या उखाण्यानंतर ते मी तोंडाने घेतलेले नाही.