क्रांतीची झोप आता माझ्याकडं

३ फेब्रुवारी, जेवणाची सुट्टी
क्रांतीला सातवा महिना. बीपी वाढलंय. डॉक्टरबाई म्हणाल्या, झोप पुरी झाली न्हाय तर ॲडमिट करावं लागेल. ती झोपती चारच तास. घर राधानगरीकडं, मी हिमाचलात बोगद्याच्या कामावर. पण लांब हाय म्हणून काय झालं. हे काम आता माझ्याकडं. आठ दिवसांत झोप लावतो.

४ फेब्रुवारी
बायकांच्या झोपेवर अकरा व्हिडिओ बघितले. नववी नापास असलो तरी या विषयात डॉक्टरबाईला गाठलंय. झोप न येण्याची कारणं सात: चहा, मोबाईल, उशी, काळजी, हार्मोन, कामाचा ताण, नवऱ्याचं घोरणं. घोरणं कटाप, मी इकडं. कामाचा ताण ऑफिसातल्या बायकांना असतोय, आपल्या दोनच म्हशी. पाच राहिली.

५ फेब्रुवारी
फोन करून चहा बंद करायला सांगितला. म्हणाली, मग पहाटे चारला धार काढताना म्हशीच्या अंगावरच पडीन की. विषय बदलला. सोबत म्हणून मीपण चहा सोडला.
संध्याकाळी: थंडी लई. उद्यापासून.

९ फेब्रुवारी
झोप मोजायचं घड्याळ पाठवलं. हातात घालून झोपलं की शंभरपैकी मार्क थेट माझ्या मोबाईलवर.

१४ फेब्रुवारी
पहिले मार्क ९१. रात्री नऊ तास, शिवाय दुपारी एक ते चार. सगळ्या साईटला दाखवलं. पोकलेनवाला विश्वजित म्हणाला, वहिनी लई सुखात हाईत गड्या. म्हटलं, नियोजन. त्याच्या बायकोचंपण बघितलं असतं, पण त्याचं लग्न व्हायचंय.

२० फेब्रुवारी
रोज नव्वदीच्या वर. शाळेत मला आख्ख्या वर्षात एवढे पडले न्हाईत.

२२ फेब्रुवारी
डॉक्टरबाईंनी तपासलं. बीपी आणखी चढलंय. मी क्रांतीला म्हटलं, त्यांचं मशीन बिघडलंय, आपल्याकडं पुरावा हाय. मग ती म्हणाली, घड्याळ आप्पांच्या हातात हाय. धार काढताना भिजायला लागलं, म्हणून त्यांना दिलं. तुम्ही एवढं खूश, सांगवलं न्हाय.
म्हणजे आठ दिवस मी बापाच्या घोरण्याचं कौतुक करत होतो.
वर म्हणाली, चार दिवस उचगावला आईकडं जाते, तिथं लागल झोप. म्हटलं, काय गरज न्हाय. मीच येतो. धार मी काढणार.

२५ फेब्रुवारी
घरी पोचलो. रजा मिळाली न्हाय, काम सोडलं. वर्षातलं तिसरं. असू दे. क्रांतीला सांगितलं, उद्या पहाटे तू उठायचं न्हाय. म्हणाली, बघू. आप्पांच्या हातातलं घड्याळ मागितलं. देईनात, ओढून काढलं आणि माझ्या हातात बांधलं. चारचा गजर लावला.

२६ फेब्रुवारी, सकाळी सव्वानऊ
आत्ता उठलो. गोठा झाडलेला. दुधाची किटली धुऊन पालथी.
आप्पा म्हणाले, गजर वाजला होता. क्रांतीनंच बंद केला, तुझी झोपमोड नको म्हणून. धार काढली, डेअरीला दूध घातलं. सातला तिचा भाऊ रिक्षा घेऊन आला. उचगावला गेली, झोपायला. आणि संध्याकाळची धार कोण काढणार, तेवढं सांग.
मोबाईलवर मार्क आलेत. ९६.