पिंजरा तीन आणि पिंजरा आठ

दिनांक १४ मार्च

मॅडम यांना,

उंदीरघरातल्या काकांचा नमस्कार, आणि वयाने मोठा म्हणून आशीर्वादही. तुम्ही बऱ्या असाल असं धरून चालतो. मी आहे तसाच. गुडघे कुरकुरतात, झोप अर्धवट उडते, मग पडल्या पडल्या नको ते आठवत राहतं. सून म्हणते, "बाबा, काळजीला तुमचा पत्ता बरोबर सापडतो."

निवृत्त होऊन वर्ष झालं. काल दवाखान्यात आपला स्टोअरवाला भेटला. म्हणाला, "तुमच्या मॅडमनी संशोधन सोडलं. शाळेत शिकवतात आता. औषधच फोल निघालं म्हटल्यावर काय करणार?" माझा नंबर लागायच्या आतच मी घरी आलो.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. तरी ते औषध मला कळलं होतं, कारण तुम्ही समजावलं होतं. त्वचेच्या कॅन्सरची गाठ आत कुठवर पसरली ते डोळ्यांना दिसत नाही. हे औषध शिरेतून गेलं की गाठीलाच चिकटतं आणि एमआरआयच्या चित्रात ती उजळते. गाठ असलेले बारा उंदीर, एका पिंजऱ्यात एक. एक ते सहाला चिकटणारं औषध, बाकीच्यांना न चिकटणारं साधं. बरोबर ना?

चित्रं आली तेव्हा तुमचं तोंड एवढंसं झालं. पहिल्या सहातले दोन उजळले नाहीत, आणि साध्यातले दोन उजळले. मोठ्या साहेबांनी भरवसा नाही म्हणून काम थांबवलं. तुम्ही म्हणालात, "काका, माझाच हात चुकला असेल." मी तुम्हाला चहा आणून दिला. रिकामा कप घेऊन बाहेर गेलो.

आता सांगतो. तुमचा हात चुकला नव्हता.

आदल्या संध्याकाळी, सुया टोचून झाल्यावर, मी उंदीर स्वच्छ पिंजऱ्यांत हलवले. उद्यापर्यंत हात लावू नका म्हणाला होतात, पण भुसा ओला होता, राहवलं नाही. पिंजऱ्यांवर खोचायची चार नंबरांची कार्डं हातातून पडली. चष्मा कपाटात. अंदाजाने खोचली. सकाळी मशीनच्या खोलीत फाटक्या कानाचा उंदीर पाहिला. तो तीन नंबरचा, सहा आठवडे मीच त्याला खाऊ घातलेलं, आणि त्याच्या पिंजऱ्यावर कार्ड आठचं. वाकून पुन्हा कान पाहिला. तेवढ्यात मशीनवाला ओरडला, "आजोबा, सरका की! गप्पा काय मारताय उंदरांशी?" मी सरकलो. निवृत्तीला चार महिने होते, जाता जाता कुणाची बोलणी नको होती. एवढंच कारण. याहून बरं शोधलं, सापडलं नाही.

तीन आणि आठची अदलाबदल शपथेवर सांगतो. पाच आणि नऊचीही झाली असावी, पण ती माझी अटकळ. तीही झाली असेल, तर चिकटणाऱ्या औषधाचे सहाही उंदीर उजळले होते. खोटी खात्री देणार नाही.

हे पत्र मोठ्या साहेबांना दाखवा. समोर बोलावलं तर येतो, तीन जिने चढतो. कदाचित नवे उंदीर घेऊन सगळं पहिल्यापासून करावं लागेल. ते मला करून देता येणार नाही. आणि तुमचं गेलेलं वर्ष... त्याचं काय लिहू, कळत नाही.

उत्तरात शिव्या घातल्यात तरी चालेल. फक्त पाकिटावर माझंच नाव घाला, नाहीतर सून फोडून वाचते.

चूक ज्याची, तो,
काका