टिन फेरीमेनचा दुसरा अल्बम आणि बाबांचा दम

२ फेब्रु., रविवार. अकोला.
श्रवणमंडळाची बैठक. २३ला अल्बम लावून त्यावर बोलायची माझी पाळी. मी सांगितलं, टिन फेरीमेन या जुन्या इंग्लिश रॉक बँडचा दुसरा अल्बम लावणार. अध्यक्ष बोबडे सर म्हणाले, "पहिला लावा ना मॅडम. दुसऱ्यात तर बुडाले ते."
खरंय, बुडालेच. पहिल्यात तीन-तीन मिनिटांची सुटसुटीत गाणी, इंग्लंडभर वाजली. मग या चौघांनी 'अ टाइड टेबल फॉर फार्मर्स' काढला. अख्खी दुसरी बाजू म्हणजे एकच रचना, चोवीस मिनिटांची, आणि सोबत खाणकामगारांचा चाळीस जणांचा पितळी वाद्यांचा बँड. समीक्षक हसले. वर्षभरात टि.फे. फुटले. कॉलेजात असल्यापासून ऐकतेय मी हा. पहिला नाहीच लावणार.

५ फेब्रु.
तीन पानं लिहिली, तिन्ही फाडली. 'महत्त्वाकांक्षी', 'धाडसी'... हे शब्द कुणालाही लागू पडतात. एकोणिसाव्या मिनिटाला गिटार थांबतात, फक्त पितळ उरतं, आणि ती चाल कुठे तुटतच नाही. अंगावर काटा येतो. का येतो, ते सांगता येत नाही.

८ फेब्रु., शनिवार. अमरावती.
आईबाबांकडे. मी मेथी निवडत होते, मोबाइलवर दुसरी बाजू चालू. बाबा अंगणातून आत आले नि तसेच उभे राहिले.
"थांब. मांगं घे."
घेतलं.
"आनखी मांगं. हा पाय, तिसरा ट्रम्पेटवाला दम चोरून राह्यला."
बाबांनी तीस वर्षं लग्नाच्या बँडात ट्रम्पेट वाजवला, त्यातली अठरा मास्तर म्हणून. चार वर्षांपूर्वी समोरचे दात गेले. कवळी बसवली, पण ट्रम्पेट कपाटावर गेला तो गेलाच.
मी विचारलं, चोरतो म्हणजे?
"चोरते म्हंजे चांगलं करते व. एकाचा दम सरते, तवा दुसरा उचलते. सारे एकदम श्वास घेतच नाई. आमी वरातीत हेच करो."
वीस वर्षं ऐकतेय. चाल का तुटत नाही, ते इतकं साधं होतं.

९ फेब्रु.
बाबांनी सगळा अल्बम ऐकला. पाऊण तास, डोळे मिटून. मधे एकदाच बोलले, "गिटारवाले पोट्टे उगाच घाई करते." शेवटी विचारलं,
"लोकं हासले म्हनतं ह्याले?"
"हो."
"मंग त्याईनं एकदाच आयकलं असन."
हे वहीत लिहून ठेवलं. माझ्या तीन पानांपेक्षा भारी.

१५ फेब्रु.
फोन. म्हटलं बाबा, तुम्हीच या अकोल्याला, तुम्हीच सांगा.
"मी? इंग्रजी गान्यावर? तिथं सारे सर लोकं अस्ते. मले नोको ओढू त्याच्यात."
ठेवला फोन.

१८ फेब्रु.
आईचा फोन, हसू आवरेना तिला. "तुये बाबा ट्रम्पेट घेऊन आरशापुढं गाल फुगवून राह्यले सकायपासून. आवाज म्हशीसारखा येते. शेजारची इचारून गेली, काय झालं म्हून." बाबांना फोन केला नाही. विचारलं असतं तर थांबले असते ते.

२३ फेब्रु., रविवार. अकोला.
बाबा सकाळच्या गाडीनं आलेच. पांढरा शर्ट, काखेत ट्रम्पेटची पेटी. चौदा जण होते. दुसरी बाजू लावली. दहाव्या मिनिटाला बोबडे सरांनी घड्याळ पाहिलं. एकोणिसाव्याला बाबांनी हात वर केला, मी थांबवलं. उभे राहून त्यांनी दमाचं सांगितलं, अस्सल वऱ्हाडीत, एक शब्द न बदलता. मग ट्रम्पेट काढला नि तीच चाल धरली.
दुसऱ्या ओळीत हवा सुटली. फस्स.
बाबांनी अंगठ्यानं कवळी दाबली, "माफ करा" म्हणाले नि पहिल्यापासून सुरू केलं. चारही ओळी वाजवल्या. शेवटचा सूर थरथरला, पण पडला नाही.
बोबडे सर म्हणाले, "मॅडम, ती बाजू परत लावा. पूर्ण." परत लागली, आणि या वेळी सगळे तिसरा ट्रम्पेट शोधत होते. सरांना सापडला तेव्हा त्यांनी लहान मुलासारखं बोट वर केलं.
नंतर कुणीतरी विचारलं, हे कोण?
कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'व्यापार' लिहायचे मी. तीन वर्षं लिहिलं. आज मोठ्यानं सांगितलं, "माझे बाबा. बँडमास्तर." चहाच्या वेळी आणखी दोघांना सांगितलं, त्यांनी विचारलं नव्हतं तरी.

२७ फेब्रु.
बाबांचा फोन. जुन्या बँडातल्या पाच जणांना निरोप गेलेत. एक तिवश्याचा, दोन धामणगावचे, बाकी गावातलेच. रविवारी घरी जमणार, ती चाल बसवायला. "दोघाईले दम हाये, एकाले दात हाये, बाकीच्याईचं पाहू."
म्हटलं, बाबा, ते चाळीस जण होते. तुम्ही सहा.
"वाजोल्यावर समजन."
मग विचारलं, "तिसरा अल्बम काढलाच नाई का व त्याईनं?"
नाही काढला, म्हटलं. ते फोनवरच ती चाल गुणगुणू लागले. मी फोन ठेवला नाही.