बूट माझ्या पिशवीत आहेत

ठमे,

धावायचे बूट शोधू नकोस, मी घेऊन चालले आहे. शाळेत तुझ्या सरांना सगळं सांगणार आहे.

चक्कर येते हे कळलं तर संघातून काढतील, म्हणून खेळाडूंच्या हृदयतपासणीला तू स्वतःच्या नावावर धाकट्या बहिणीला टेबलावर झोपवलंस. जिना चढतानाही कुरकुरणाऱ्या त्या धाकट्या बाईसाहेबांच्या छातीवर राहिलेली तपासणीची चिकटपट्टी मीच सोलली, आणि तुमच्या हुशारीवर हसून गप्प बसले. चुकलंच माझं.

काल तू पळता पळता कोसळलीस. "आई, कुणाला सांगू नकोस," म्हणालीस. मी "बरं" म्हटलं. तो शब्द आज मोडते आहे.

धाकटीला तुझ्याजवळ बसवलंय. दुपारी डॉक्टरांकडे जाऊ.

खुशाल अबोला धर. फक्त तो धरायला तू हवीस मला.

आई