चौकट रिकामी ठेवायची

सोमवार, ३ मार्च
नोकरी मिळाली! इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईला कोण घेणार, असं सगळेच म्हणत होते. मीसुद्धा. काम दवाखान्यांचे सर्व्हर उभे करण्याचं. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. पहिलंच वाक्य — "घाबरलीस तर विचार. नाही घाबरलीस तर आधी विचार!"

गुरुवार, ६ मार्च
आज डोक्यात उजेड पडला. प्रत्येक सर्व्हर वेगळा बसवत बसायचं नाही. एक मूळ प्रोफाइल, म्हणजे सगळ्या सेटिंग्जची यादी, त्याच्याखाली प्रत्येक दवाखान्याचं एकेक. मूळमध्ये लिहिलेलं खालच्यांना आपोआप मिळतं. खालच्याने स्वतःचं काही लिहिलं, तर तेवढ्यापुरतं त्याचंच खरं.

"खाण तशी माती," बाई म्हणाल्या, "पण इथे मातीलाही स्वतःचं डोकं चालवायची मुभा आहे."

घरी आईला सांगितलं. ती लेकीची वेणी घालत होती. "मग हिचा हट्टीपणा कुठल्या प्रोफाइलमधून आला ते सांग!" नवरा हसला. जरा जास्तच.

मंगळवार, ११ मार्च
लेकीचा ताप उतरला. आई तिच्या उशाशी बसली म्हणून मी कामावर जाऊ शकले. आई आहे म्हणून सगळं आहे.

शुक्रवार, १४ मार्च
आज थोडक्यात निभावलं.

सर्व्हर ज्याच्याकडून वेळ घेतात, ते जुनं घड्याळ मागे पडू लागलं, म्हणून नव्या घड्याळाचा पत्ता आला होता. नवा मी मूळ प्रोफाइलमध्ये घातला आणि सगळीकडे पोचला असणार म्हणून निश्चिंत झाले. दुपारी मुलांच्या दवाखान्यातून परिचारिकेचा फोन — "आत्ता दिलेलं औषध तासाभरापूर्वी दिल्याचं दाखवतंय! पुढचा डोस लवकर पडला असता. माझ्या लक्षात आलं म्हणून बरं!"

त्यांच्या प्रोफाइलमध्ये कुणीतरी जुना पत्ता कधीचा लिहून ठेवलेला. म्हणून वरचा बदल त्याने ऐकलाच नाही. मी घाईघाईने नवा टाइप करू लागले.

"थांब! नुसतं खोड," बाई म्हणाल्या.

"आणि लिहू काय?"

"काही नाही. चौकट रिकामी असली की तो वरचं घेतो. आज तू लिहिलंस, तर पुढच्या बदलाला हाच पुन्हा मागे राहील."

खोडलं. फिकट अक्षरांत नवा पत्ता आपोआप उमटला! सर्व्हरला प्रोफाइल पुन्हा लावलं, घड्याळ जुळलं. परिचारिका म्हणाली, बाळ छान आहे. मग मात्र मला रडू आवरेना.

साहेब तणतणत आले. मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "प्रत्येक दवाखाना तपासायचा, हे मीच शिकवायचं राहिलं."

शिकवलं होतं. पहिल्याच आठवड्यात.

बुधवार, १९ मार्च
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वाटलं, गेली नोकरी! म्हणाले, "पुढच्या महिन्यापासून तुम्हा दोघींच्या कामावर एकच माणूस राहणार. कुणाला ठेवू, असं बाईंनाच विचारलं. त्यांनी तुमचं नाव दिलं."

"कधी विचारलंत?"

"शुक्रवारी. संध्याकाळी."