केकवरची चौथी बाहुली

वहिनी,

मुलांना बागेत नेते आहे. बर्फाच्या देखाव्याचा केक फ्रिजमध्ये आहे. जमेला केक, खर्चाला अख्खं स्वयंपाकघर, तेव्हा आधी चहा घ्या, मग तिकडे बघा. बर्फ म्हणून धाकट्याने डावीकडे पिठीसाखरेऐवजी मीठ भुरभुरलं. ती बाजू दादाला वाढा.

थोरलीने आयसिंगच्या तीनच बाहुल्या केल्या: बाबा, ती आणि धाकटा. मी आयसिंग आवरायला घेतलं. मग आजवर तुम्हाला नुसतं ‘त्या’ म्हणणारी पोर म्हणाली, “आत्या, अजून आयसिंग दे ना. आई राहिली. तिला मफलर पण करू, तिला फार थंडी वाजते.”

पोरं नव्या आईला आपलं म्हणतील का, ही तुमच्या लग्नापासूनची माझी धास्ती आज विरघळली.

चौथी बाहुली वाकडी आहे. खबरदार सरळ केलीत तर!

तुमची खाष्ट नणंद